आसंजन, सजीवांचे

वनस्पती व प्राणी ज्या साधनांनी एखाद्या पृष्ठभागाला चिकटतात, त्यावर पकड घेतात किंवा त्याला लटकून राहतात, त्या सर्वांचा समावेश स्थूलमानाने सजीवांच्या आसंजनात करतात. भौतिकीत दोन भिन्न पदार्थांच्या रेणूंमधील आकर्षणाला आसंजन म्हणतात. जीवविज्ञानात हा अर्थ पुरेसा नाही. कारण सजीवांच्या पकडीत रेणूंच्या आकर्षणाबरोबरच आकडा अडकणे, घर्षण, चूषण व सरसासारख्या स्रावाचे घट्ट होणे या सर्वांचा वाटा असतो आणि अनेकदा एकाच प्राण्यात यांपैकी दोन-तीन साधने एकत्र आढळतात. या विषयाचा विचार करताना चिकटण्याइतकेच सुटण्याकडेही लक्ष द्यावे लागते. ज्याला जन्मभर एकाच जागी राहावयाचे आहे, त्याचे काम एका चांगल्या सरसाने भागते. परंतु ज्याला पुढचे पाऊल टाकावयाचे आहे, त्याला मागचे पाऊल क्षणार्धात व फारशी शक्ती खर्च न करता सोडवता आले पाहिजे. सजीवांमधील पकडीच्या विविध रचनांचा उलगडा पुष्कळ अंशी या एका गरजेवरून होतो.

भौतिक आधार : दोन घन वस्तू एकमेकींवर टेकवल्या, तरी त्यांचा प्रत्यक्ष स्पर्श फारच थोड्या बिंदूंपाशी होतो. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारी भिंत सूक्ष्मदर्शकाखाली उंचवटे व खळगे यांनी भरलेली दिसते. उलट रेणूंमधील आकर्षणाचा प्रभाव काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे १ मिमी.चा दहा लक्षांश) अंतरापुरताच असतो. पाटी भिंतीला टेकवली असता ती चिकटत नाही, याचे कारण आकर्षण नसते हे नव्हे, तर जवळीक नसते हे होय. ही जवळीक निरनिराळ्या प्रकारे साधता येते. मधली पोकळी द्रवाने भरली, तर पृष्ठताण व द्रवाची श्यानता (दाटपणा) यांमुळे दोन्ही पृष्ठे एकत्र धरली जातात. ओल्या काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून ओढून काढणे कठीण जाते ते यामुळेच. हा द्रव पुढे घट्ट होत असेल, तर तो सरस ठरतो. द्रव न वापरता पकडणारे अवयवच इतके बारीक व लवचिक असले की ते खळग्यांत आपोआप शिरतील, तर कोरडी पकडही शक्य होते. चूषणाचे तत्त्व यांहून वेगळे आहे. चूषकाखालील दाब कमी झाला की बाहेरचा दाब त्याला पृष्ठभागावर दाबून धरतो. हवेत या पकडीला निश्चित मर्यादा आहे. समुद्रसपाटीवर हवेचा दाब दर चौ. सेंमी.स सु. १ किग्रॅ. असल्याने त्याहून अधिक पकड चूषणाने मिळू शकत नाही. पाण्याखाली खोलीबरोबर दाब वाढतो व ही मर्यादा सैल होते. मोठे व प्रभावी चूषक असलेले प्राणी मुख्यतः जलचर आहेत हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

शरीराचे आकारमान हा दुसरा महत्त्वाचा घटक होय. प्राण्याची लांबी दुप्पट झाली, तर त्याच्या तळव्यांचे क्षेत्रफळ चौपट, पण वजन आठपट होते. त्यामुळे माशीला जे सहज जमते ते मांजराला जमत नाही. माइटांपासून पालींपर्यंतच्या २०० हून अधिक जातींच्या तळव्यांची तुलना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीवरून असे दिसून आले की, वजन वाढेल तसतसा शरीराच्या पृष्ठभागाचा अधिकाधिक हिस्सा चिकटणाऱ्या गाद्यांना द्यावा लागतो. माणसाला भिंतीवर पालीप्रमाणे चढावयाचे झाल्यास त्याच्या शरीराचा सु. ४० टक्के पृष्ठभाग अशा गाद्यांनी व्यापावा लागेल. केवळ गाद्यांच्या बळावर चढणाऱ्या प्राण्यांत पालींहून मोठा प्राणी आढळत नाही, याचे कारण यात आहे.

आरोही वनस्पती : वेलींना आपले सर्व वजन स्वतः पेलणारे खोड बनवावे लागत नाही; दुसऱ्याच्या आधाराने त्या प्रकाशापर्यंत पोहोचतात. वेताच्या पर्णाक्षाच्या टोकावरील किंवा बोगनवेलीच्या खोडावरील वाकडे काटे हे यांपैकी सर्वांत साधे साधन होय. पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात फुलणाऱ्या कळलावीत पानाचे टोकच लांबट होऊन आधाराला विळखा घालते. मिरीच्या वेलीला खोडाच्या पेऱ्यांपासून मुळे फुटतात व ती झाडाच्या सालीला धरून ठेवतात. वेलींच्या हालचालींचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विन यांनी केला व तो १८६५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला. व्हर्जिनिया क्रीपर या अमेरिकी वेलीच्या ताणांची टोके भिंतीला स्पर्श होताच फुगून त्यांच्या लहान चकत्या बनतात, तर ज्या ताणाला आधार सापडत नाही तो एक-दोन आठवड्यांत वाळून गळून पडतो, असे त्यांनी नोंदवले आहे. आधार मिळालेला ताणा मात्र वाळला, तरी वर्षानुवर्षे टिकतो. किमान दहा वर्षांच्या, म्हणजे केव्हाच निर्जीव झालेल्या अशा एका ताणाच्या फक्त एका शाखेने दोन पौंड (सु. ०.९ किग्रॅ.) वजन पेलल्याचे त्यांना आढळले. येथे पकड ही जिवंत पेशींची क्रिया राहिलेली नसून मागे उरलेल्या सरसाची व सुकलेल्या ऊतकांची आहे. आयव्हीच्या मुळ्या स्रवत असलेल्या सरसाचे स्वरूप अलीकडे स्पष्ट झाले. त्यात शर्करायुक्त प्रथिनांचे नॅनोमीटर मापाचे गोल कण असून ते भिंतीच्या सूक्ष्म भेगांत शिरतात व नंतर परस्परांशी बांधले जातात, असे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. जुन्या भिंतीवरून आयव्ही उपटताना गिलाव्याचे पापुद्रेही निघून येतात.

वाहत्या पाण्यातील खडकांवर वाढणाऱ्या पोडोस्टेमेसी कुलातील वनस्पतींची पकड याहूनही विलक्षण आहे. सह्याद्रीतील धबधबे व खळाळते ओढे यांच्या खडकांवर या कुलातील अनेक जाती आढळतात. वरवर पाहता त्या शेवाळ किंवा दगडफूल वाटतात. प्रत्यक्षात त्या सपुष्प वनस्पती आहेत. त्यांची चपटी, फितीसारखी अथवा पापुद्र्यासारखी मुळे खडकात शिरत नाहीत, तर केसांच्या व चिकट थराच्या साहाय्याने त्यावर पसरतात. पावसाळा संपून पाणी ओसरले व खडक उघडा पडला की ती फुलतात. बीज अत्यंत बारीक असते; ते भिजताच त्याचे बाह्यावरण बुळबुळीत होऊन खडकाला चिकटते. पुढील पूर येण्यापूर्वी बीज खडकावर पक्के बसले नाही, तर ते वाहून जाते. अशा रोपाला दुसरी संधी मिळत नाही.

फळे व बिया यांचे चिकटणे : ज्यांना स्वतः हलता येत नाही, अशा वनस्पती आपल्या बिया दुसऱ्याच्या अंगावर चढवून देतात. शेतातून किंवा माळावरून चालल्यावर धोतराच्या अथवा लुगड्याच्या काठाला चिकटलेली आघाड्याची फळे सर्वांच्या परिचयाची आहेत. फळाभोवतालची ताठ, अणकुचीदार छदके कापडात रुततात. शंकेश्वराच्या फळावर आकडेच असतात. पुनर्नव्याच्या व चित्रकाच्या फळांची पद्धत निराळी असून तेथे ग्रंथींतून येणारा चिकट स्राव काम करतो. कुसळी गवताची टोकदार फळे मेंढ्यांच्या लोकरीत घुसून कधीकधी कातडीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे मेंढपाळांना ते गवत त्रासदायक ठरते. शंकेश्वराच्याच कुलातील बर्डॉक या यूरोपीय झुडपाची फळे कुत्र्याच्या केसांत अडकलेली पाहून झॉर्झ द मेस्त्राल या स्विस अभियंत्यास आकडे व फासे यांच्या पट्ट्यांची कल्पना १९४१ मध्ये सुचली. तिचे अमेरिकी पेटंट १९५५ मध्ये मिळाले. व्हेल्क्रो या नावाने ओळखली जाणारी ही पट्टी सहज सुटते, कारण ती टोकाकडून सोलली जाते व एका वेळी थोडेच आकडे निघावे लागतात. सरळ ओढली असता तीच पट्टी चिवटपणे धरून राहते.

आंब्यावर वाढणाऱ्या बांडगुळाच्या बीजाभोवती अत्यंत चिकट गर असतो. फुलटोच्या हा इवलासा पक्षी फळ खातो. पण गरामुळे बी त्याच्या अंगाला किंवा चोचीला चिकटून राहते व ते काढण्यासाठी त्याला फांदीवर घासावे लागते. बी नेमके फांदीवरच पडण्याची सोय अशा रीतीने होते. फांदीवर चिकटलेल्या बीला अंकुर फुटून त्याचे शोषक मूळ सालीत शिरते. आंब्याच्या बागेत बांडगूळ हटत नाही, कारण एका झाडावरचे ते तोडले तरी शेजारच्या झाडावरून पक्षी नव्या बिया आणून चिकटवत राहतात.

चिकटपणाचा उपयोग भक्ष्य पकडण्यासाठीही होतो. साताऱ्याजवळील कास पठारावर आढळणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षक वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकाला चिकट द्रवाचे थेंब असतात व त्यांत लहान कीटक अडकतात. मेघालयातील घटपर्णीने नेमका उलट मार्ग पत्करला आहे. तिच्या घटाची कड पावसाने किंवा दवाने ओली झाली की त्यावर पाण्याचा अखंड थर पसरतो. कीटकाच्या तळव्यावरील तेलकट द्रव कडेपर्यंत पोहोचूच शकत नाही व मुंगी घसरून आत पडते. कोरड्या हवेत त्याच कडेवरून मुंग्या सुखरूप ये-जा करतात.

नखे : जेथे पृष्ठभाग खडबडीत असेल, तेथे नख हे सर्वांत किफायतशीर साधन होय. खार, सुतारपक्षी व घोरपड यांची पकड प्रामुख्याने नखांची असते. कोंढाणा किल्ला १६७० मध्ये सर करताना तानाजी मालुसरे यांनी यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढवल्याची आख्यायिका महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यासत्यतेचा विचार येथे कर्तव्य नाही. घोरपडीच्या पायांना पालीसारख्या गाद्या नसतात, तर बळकट, वाकडी नखे असतात. बिळात किंवा भेगेत शिरलेल्या घोरपडीला ओढून बाहेर काढणे अवघड असते, हेही खरे आहे. तथापि नख ज्या खाचेत रुतले आहे तिच्या मजबुतीहून अधिक भार नखाची पकड घेऊ शकत नाही. ठिसूळ खडकावर नखाआधी खडकच सुटतो.

कीटक : रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायक्रोग्राफिया या ग्रंथात माशीच्या पायाचे सूक्ष्मदर्शकाखालील वर्णन आहे व ती काचेवर कशी चालते हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे. माशीच्या पायाला दोन नखे व त्यांखाली केसाळ गाद्या असतात. मुंग्या, नाकतोडे इत्यादींच्या गाद्या मऊ व गुळगुळीत असतात. दोन्ही प्रकारांत गादीवर द्रवाचा अतिशय पातळ थर पसरलेला असतो. कोकणात ओंबील म्हणून परिचित असलेली विणकर मुंगी गुळगुळीत पृष्ठभागाला उलटी लटकून स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक भार धरू शकते. एवढी पकड असूनही ती झपझप चालू शकते, याचे इंगित असे की, ती चालताना गादीचा थोडाच भाग टेकवते. पाय शरीराकडे ओढला की गादी फुगून पसरते व ढिला सोडला की आपोआप मिटते. वाऱ्याचा झोत आला किंवा ओझे वाढले, तर स्पर्शाचे क्षेत्र वाढते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा भागातील ताडजातीच्या झाडांवर राहणाऱ्या एका निळ्या भुंगेऱ्यात हीच योजना टोकाला गेलेली दिसते. त्याच्या सहा पायांवर मिळून सु. ६०,००० केस असतात. चालताना तो त्यांपैकी मोजकेच वापरतो; मुंग्यांनी हल्ला केल्यास मात्र सर्व केस तेलकट द्रवासह पानावर दाबून कवचाखाली स्थिर बसतो. या अवस्थेत वजनाच्या सु. ६० पट ओढ त्याने दोन मिनिटे सहन केल्याचे प्रयोगात आढळले (२०००). तेवढ्या वेळात मुंग्या बहुधा नाद सोडून देतात.

पाल : झाडावर डोके खाली करून धावणाऱ्या पालीचा उल्लेख ॲरिस्टॉटल यांच्या लिखाणात आहे, तिच्या पकडीचे कारण मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वादग्रस्त होते. चिकट स्राव हे कारण असू शकत नाही, कारण पालीच्या तळव्यात अशा ग्रंथीच नाहीत. चूषणाची कल्पनाही टिकली नाही. निर्वातातही पालीचा पाय सुटत नाही, हे १९३४ मध्ये दिसून आले होते. ईशान्य भारत व आग्नेय आशियात आढळणाऱ्या टोके या मोठ्या पालीच्या पायाचा अभ्यास सर्वांत अधिक झालेला आहे. तिच्या बोटांखाली आडव्या वळ्या असून त्यांवर केराटिनाचे दृढरोम दाटीने उगवलेले असतात. एका पायावर ते सु. पाच लाख भरतात. प्रत्येक रोमाच्या टोकाला शेकडो फाटे फुटतात व प्रत्येक फाट्याचे टोक पळीसारखे चपटे असून त्याची रुंदी १ मिमी.च्या सु. पाच-हजाराव्या भागाएवढी असते. केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका सुट्या रोमाचे बल २००० मध्ये मोजले. पाणी धरणाऱ्या व पाणी झटकणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठभागांवर पकड जवळजवळ सारखीच राहते, असे त्यांनी २००२ मध्ये दाखवले. त्यामुळे मुख्य कारण पाण्याचा थर नसून व्हान डर व्हाल्स आकर्षण, म्हणजे कोणत्याही दोन रेणूंमध्ये अगदी जवळच्या अंतरावर असणारे क्षीण आकर्षण होय, हे मान्य झाले.

एका रोमाच्या बलावरून हिशेब केल्यास टोके पालीचे सर्व रोम मिळून सु. १३० किग्रॅ. भार पेलू शकतील, असा आकडा निघतो व तो वारंवार उद्धृत केला जातो. तो दिशाभूल करणारा आहे. सर्व रोम एकाच वेळी योग्य कोनात टेकत नाहीत. पुढच्या दोन पायांची प्रत्यक्ष मोजलेली ओढ सु. २ किग्रॅ. भारली होती. सु. ५० ग्रॅ. वजनाच्या प्राण्याला हीदेखील मुबलक आहे. धुळीने माखलेल्या, ओल्या किंवा भुसभुशीत भिंतीवर थोडेच रोम उपयोगी पडतात, तेव्हा ही शिल्लक कामी येते. पंचांगांतून 'पल्लीपतना'ची, म्हणजे अंगावर पाल पडण्याची, शुभाशुभ फळे दिलेली असतात. जी घटना शकुन मानली गेली ती नित्याची नव्हती, असा अर्थ त्यातून काढता येतो.

पालीच्या पकडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या सुटण्यात आहे. रोम नुसता भिंतीला टेकवला तर चिकटत नाही. त्याला किंचित दाबून शरीराच्या दिशेने थोडे ओढावे लागते. उलट रोम व भिंत यांमधील कोन सु. ३० अंशांहून वाढला की तो विनासायास सुटतो. पाल पाय उचलताना बोटे टोकाकडून उलट दिशेने गुंडाळते व लाखो रोम रांगेरांगेने मोकळे होतात. ही क्रिया सेकंदाच्या काही शतांशांत पूर्ण होते. पकड टिकवण्यासाठी स्नायूंना सतत जोर लावावा लागत नाही. नुकत्याच मेलेल्या पालीचा पाय जिवंत पालीच्या पायाइतक्याच बलाने चिकटतो, हे २०१४ मधील प्रयोगांवरून कळून आले.

पाण्यातील पकड : पाण्याखाली सरस लावणे माणसाला अवघड जाते, कारण पृष्ठभागावर आधीच पाण्याच्या रेणूंचा थर असतो. शिनाण्यांनी हा प्रश्न सोडवला आहे. हा प्राणी आपला जिभेसारखा पाय खडकावर टेकवून त्यातील खोबणीत काही मिनिटांत एक प्रथिनमय धागा तयार करतो. धाग्याच्या टोकाची चकती खडकाला चिकटते व अशा अनेक धाग्यांनी शिंपला तंबूप्रमाणे ताणून बांधला जातो. या चकतीतील प्रथिनांत डोपा या ॲमिनो अम्लाचे प्रमाण फार मोठे असल्याचे हर्बर्ट वेट यांनी १९८१ मध्ये दाखवले. डोपा पाण्याला बाजूला सारून खनिजांशी बंध जुळवते आणि लोहाच्या साहाय्याने प्रथिनांचे धागे परस्परांशी जोडते. जागा बदलावयाची झाल्यास शिनाणे चकती सोडवत बसत नाही. जुन्या धाग्यांचा जुडगा देठासकट टाकून देते.

लाटांच्या माऱ्यातील खडकांवर राहणारे लिंपेट भरतीच्या वेळी चरत फिरतात, तेव्हा पायाच्या चूषणावर भिस्त ठेवतात. ओहोटीला एका जागी बसल्यावर त्यांचा श्लेष्मा सरसाचे काम करतो. तारामिनाचे नलिकापाद चूषणाने काम करतात, असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ सांगितले जात असे. आता असे कळले आहे की, त्यांची पकड मुख्यतः एका चिकट स्रावाची असून दुसऱ्या ग्रंथींचा स्राव ती सोडवतो. चालून गेलेल्या तारामिनाच्या पावलांचे चिकट ठसे काचेवर मागे राहतात. जळू व शार्कच्या अंगाला लागून प्रवास करणारा रेमोरा मासा यांची चूषके मात्र खरी आहेत. रेमोराचे चूषक म्हणजे रूपांतरित पृष्ठपक्ष होय.

बार्नेकल या कवचधारी प्राण्याच्या आयुष्यात दोन्ही प्रकारची पकड क्रमाने येते. त्याचा डिंभ दोन शृंगिकांवर चालत जागेची पाहणी करतो व प्रत्येक पावलाला तात्पुरता चिकटून पुन्हा सुटतो. जागा पसंत पडली की शृंगिकांतून वेगळा, घट्ट होणारा स्राव सोडून तो डोक्यावर उभा राहिल्याप्रमाणे कायमचा बसतो व भोवती कवच बांधतो. निवड चुकली, तर ती सुधारता येत नाही. लाकूड, पोलाद, कासवाची पाठ व देवमाशाची कातडी यांवर तो सारखाच बसत असल्याने नौकानयनात त्याचा उपद्रव प्राचीन काळापासून आहे. तळाला बार्नेकल व शिंपले चिकटले की पाण्याचा विरोध वाढतो व जहाजाला इंधन अधिक लागते. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. विसाव्या शतकात ट्रायब्युटिल टिन हे विषारी संयुग असलेले रंग सर्वत्र वापरात आले. त्यांनी जहाजे स्वच्छ राहिली, परंतु गोगलगाईंच्या माद्यांत नराची लक्षणे दिसू लागली व फ्रान्समधील कालव्यांची शेती संकटात आली. या रंगांवर आंतरराष्ट्रीय बंदी घालणारा करार २००१ मध्ये झाला व २००८ मध्ये अंमलात आला. तळाला चिकटून प्रवास करणाऱ्या जाती नव्या बंदरांतही पोहोचतात; मध्य अमेरिकेकडील एक लहान शिंपला अशा रीतीने विशाखापट्टनम व मुंबई येथील गोद्यांत येऊन स्थिरावला आहे. निसरडे सिलिकोनी लेप आता वापरले जातात. त्यांवर बार्नेकल बसले, तरी त्यांची पकड इतकी कच्ची राहते की जहाज वेगाने जाऊ लागताच ते पाण्याच्या ओघाने निघून जातात. बंदरात दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या जहाजांना या लेपांचा लाभ कमी होतो.